कोरड्या दिवसांची जलसेवा

समुद्रावर संकटात सापडलेल्या माणसांना वाचवण्यासाठी सामान्य नागरिकांनी स्वखुशीने उभ्या केलेल्या दलांचा इतिहास बिदर-कलबुर्गीच्या वाचकापुढे ठेवायचा, तर पहिला प्रश्न त्याच्याकडूनच येणार: इथे समुद्र कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. या दोन जिल्ह्यांना किनारा नाही, बंदर नाही, आणि उन्हाळ्यात मांजरेच्या पात्रातून चालत पलीकडे जाणाऱ्याला जलसुरक्षा हा शब्दच थट्टेचा वाटेल. पण बुडून मरायला समुद्र लागत नाही. भीमा अफझलपूर, जेवरगी, चित्तापूर या तालुक्यांतून जाते; मांजरा भालकी-औरादच्या शिवारांतून वाहते; कारंजा, कागिणा, अमरजा या नद्या वर्षातले आठ महिने निपचित पडून असतात आणि उरलेल्या चारांत एका रात्रीत रस्ता गिळतात. शहाबाद, चित्तापूर, सेडम भागात फरशी काढून सोडून दिलेल्या खाणी आहेत. त्यांत पाणी साठते, कडे सरळ खाली उतरतात, आणि पोरे तिथे पोहायला जातात. देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात अशी सरकारी नोंद आहे, आणि त्यातली बहुतेक कधी समुद्रावर गेलेलीही नसतात. विहीर, तळे, कालवा, शेततळे, नदीचा डोह हीच त्यांची ठिकाणे. तेव्हा समुद्राचा इतिहास इथे वाचायचा तो समुद्रासाठी नव्हे. पाण्याच्या काठावर राहणाऱ्या समाजाने स्वतःच्या रक्षणाची व्यवस्था कशी लावावी, याचे सर्वांत जुने आणि सर्वांत तपशीलवार प्रयोग समुद्रकाठी झाले, म्हणून.

या इतिहासाबद्दल माझे एक म्हणणे आहे. तो नेहमी शौर्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो: काळोखी रात्र, डोंगराएवढ्या लाटा, वल्ही मारणारे मूठभर लोक. ते सगळे खरे आहे. पण कागदपत्रे नीट पाहिली की दिसते, धाडसी माणसे सगळीकडे आणि सगळ्या काळात होती. टिकली आणि उपयोगी पडली ती मात्र तीच दले, ज्यांनी शांत दिवसांत काम केले. होड्या तपासल्या, दोर बदलले, लोकांना शिकवले, पैसा जमवला, मेलेल्याच्या घरच्यांची सोय आधीच लावून ठेवली. या भागाकडे धाडस भरपूर आहे. कोरड्या दिवसांची व्यवस्था मात्र जवळजवळ नाही. पुढच्या पानांतला इतिहास त्या डोळ्यांनी वाचावा, असे मला वाटते.

सुरुवात ब्रिटनच्या जीवनरक्षक नौकांच्या संस्थेपासून करावी लागते. सर विल्यम हिलरी हा आयल ऑफ मॅन बेटावर राहणारा गृहस्थ. डोळ्यांसमोर फुटणारी जहाजे पाहून त्याने जनतेला आवाहन केले आणि ४ मार्च १८२४ रोजी लंडनमध्ये ही संस्था स्थापन झाली. राजाश्रय मिळाला, सरदार-बिशपांची नावे यादीत आली, शूरांना पदके द्यायची प्रथा पहिल्या वर्षापासून पडली. आणि पंचवीस वर्षांत संस्था मरणपंथाला लागली. देणग्या आटल्या, किनाऱ्यावरच्या कित्येक नौका शेडमध्ये कुजत पडल्या, वल्हेकऱ्यांना सरावच उरला नाही. पदके देणे सोपे असते. शेडचे छप्पर दरवर्षी शाकारणे अवघड. १८४९ मध्ये टाइन नदीच्या मुखाशी एक जीवनरक्षक नौका उलटून तिच्यावरचे वीस अनुभवी नावाडी मेले, तेव्हा लोकांना खडबडून जाग आली. त्यानंतरचा काळ हा या संस्थेचा खरा जन्मकाळ. उलटली तरी आपोआप सरळ होणारी नौका, दर तिमाहीला सक्तीचा सराव, तपासणीला फिरणारे निरीक्षक, प्रत्येक फेरीमागे नावाड्याला ठरलेला मेहनताना, बुडालेल्याच्या विधवेला मदत, ही सगळी घडी तेव्हा बसली. १८५४ ते १८६९ ही पंधरा वर्षे संस्थेने सरकारी अनुदान घेतले आणि मग ते सोडून दिले. आज दोनशे वर्षांनंतरही ती मुख्यतः लोकांच्या पैशावर चालते आणि तिच्या नावावर १ लाख ४० हजारांहून अधिक वाचवलेले जीव आहेत.

या घडीतला एक तुकडा जवळून पाहण्यासारखा आहे. कॅप्टन वॉर्ड नावाच्या संस्थेच्या निरीक्षकाने १८५४ मध्ये बुचाच्या पट्ट्या कापडावर शिवून एक जाकीट तयार केले. दिसायला बेढब. छाती-पाठीवर बुचाचे ठोकळे, मध्ये कमरेला बांधायची नाडी, म्हणजे हात मोकळे राहून वल्हे मारता यावे. जुन्या नावाड्यांना ते आवडले नाही, आणि त्यांचे कारण समजण्यासारखे होते: आयुष्यभर त्याशिवाय वल्हवले, आता म्हातारपणी हे ओझे कशाला? ९ फेब्रुवारी १८६१ रोजी यॉर्कशरच्या व्हिटबी गावासमोर वादळ झाले. गावच्या नौकेने एकाच दिवसात पाच वेळा समुद्रात जाऊन पाच जहाजांवरची माणसे आणली. सहाव्या खेपेला ती उलटली. तेरा जणांपैकी बारा मेले. वाचला तो हेन्री फ्रीमन, आणि ते नव्या धर्तीचे जाकीट त्याच्या एकट्याच्या अंगावर होते. नौकेवर तो त्या दिवशी पहिल्यांदाच चढला होता. बाकीचे बाराजण त्याच्याहून अनुभवी, समुद्राची नस ओळखणारे, दिवसभरात पाच वेळा मृत्यूला हुलकावणी दिलेले. शौर्याने माणूस वाचत असता तर निकाल उलटा लागायला हवा होता. फ्रीमन पुढे त्याच गावी वीस वर्षांहून अधिक काळ नौकेचा तांडेल राहिला.

दुसरा धडा अमेरिकेतला आहे आणि आपल्याला तो जास्त जवळचा वाटावा, कारण तिथे सरकारी तटरक्षक दल आधीपासून होते. १९३० च्या दशकात तिथल्या मध्यमवर्गाने हौसेखातर मोटरबोटी घेतल्या. त्यांची संख्या लाखांत गेली, चालवणाऱ्यांना शिक्षण नव्हते आणि तटरक्षकांकडे माणसे नव्हती. २३ जून १९३९ च्या कायद्याने बोटमालकांचेच एक बिनपगारी दल उभे राहिले. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्याचे नाव बदलून ते तटरक्षक दलाचे सहायक दल झाले. महायुद्धात सुमारे पन्नास हजार लोक त्यात आले, बंदरांवर पहारे दिले, पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांवरची माणसे उचलली. पण युद्ध संपल्यावर हे दल विरघळले नाही, त्याचे कारण मला इतिहासातला सगळ्यात बोधक भाग वाटते. दलाने दोन नीरस कामे पत्करली: लोकांना नौकानयन शिकवणे आणि खाजगी बोटी तपासणे. तपासणी अशी असते की स्वयंसेवक धक्क्यावर येतो, मालकाच्या परवानगीने बोटीवर चढतो, माणशी एक या हिशेबाने जाकिटे मोजतो, मुलांच्या मापाची आहेत का पाहतो, अग्निशामक नळकांडे, भोंगा, दिवे बघतो. त्याला दंड करायचा अधिकार नाही, पोलिसांकडे तक्रार करायची मुभा नाही. सगळे ठीक असेल तर तो बोटीवर त्या वर्षाची चिकटपट्टी लावतो, नसेल तर काय आणायचे ते सांगून निघून जातो. दंड नाही म्हणून मालक त्याला चढू देतो, आणि शेजाऱ्याच्या बोटीवर पट्टी दिसते म्हणून आपल्याही बोटीवर असावी असे त्याला वाटते. कामावर असताना या स्वयंसेवकाला इजा झाली तर भरपाई सरकार देते आणि बोटीचे इंधनही सरकारी खर्चाने. पगार मात्र नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी रामदास ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि अर्ध्याच वाटेत कलंडून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला बातमी कळायला दुपार उलटून गेली. तोपर्यंत जे वाचले, त्यांतल्या बहुतेकांना रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला येणाऱ्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले होते. त्यांना कुणी नेमले नव्हते, शिकवले नव्हते, नंतर दल म्हणून कुणी बांधलेही नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेवरून घारापुरीला जाणारी नीलकमल ही प्रवासी बोट नौदलाच्या वेगनौकेची धडक बसून बुडाली. पंधरा जण गेले, पण शंभराच्या घरात लोक वाचले, कारण जवळून जाणाऱ्या पायलट बोटी, प्रवासी बोटी आणि सुरक्षा दलाची गस्तीनौका काही मिनिटांत पोचली. सत्याहत्तर वर्षांच्या अंतराने दोन्ही वेळा पहिले हात जवळच्या माणसांचेच. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी रेडिओ होता. आणि प्रवाशांच्या अंगावर जाकिटे? ती घालण्याची सक्ती गंभीरपणे सुरू झाली ती अपघातानंतर. आपल्याकडे कोरड्या दिवसांचे काम नेहमी ओल्या दिवसानंतर सुरू होते आणि पुढच्या हंगामापर्यंत पुन्हा सुकते.

महाराष्ट्राने किनारी नागरिकांचे दल बांधले, नाही असे नाही. १९९३ च्या सुरुवातीला रायगडात दिघी आणि शेखाडी इथे स्फोटके उतरली आणि मार्चमध्ये मुंबई हादरली. त्यानंतर किनाऱ्यावरच्या गावांत सागर रक्षक दल आले. कोळी, भंडारी, मुस्लिम मच्छीमार तरुण त्यात आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत रबरी होडीतून उतरलेल्या परक्या तरुणांना पहिल्यांदा हटकले तेही मच्छीमारांनीच. पण या दलाचा जन्मच पहाऱ्यासाठी झाला. राज्याने किनाऱ्यावरच्या माणसाचे डोळे मागितले. त्याचे हात, त्याची होडी, त्याचे पाण्याचे ज्ञान सुरक्षेच्या मोठ्या हिशेबात दुय्यम राहिले. गृहरक्षक दलाचीही कथा काहीशी अशीच. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात मोरारजी देसाईंच्या पुढाकाराने ते दंगलीच्या काळात शांतता राखण्यासाठी निघाले. बिदर-कलबुर्गी तेव्हा निजामाच्या राज्यात होते, त्यांच्या वाट्याला ते कर्नाटकच्या १९६२ च्या कायद्याने आले. गणपती, निवडणूक, यात्रा यांच्या बंदोबस्तात खाकी वेशातले हे स्वयंसेवक सर्वांनी पाहिलेले आहेत. त्यांतल्या किती जणांना पोहता येते, हा प्रश्न भरतीच्या वेळी कळीचा नसतो.

आता प्रत्यक्ष आपल्या नद्या. इथे नावाड्याची परंपरा लहान नाही. बाराव्या शतकात बसवकल्याणच्या शरणांमध्ये अंबिगर चौडय्या होता, होडी वल्हवण्याचा धंदा करणारा आणि तिखट वचने रचणारा. भीमेकाठी कोळी, कब्बलिग, भोई या लोकांकडे पिढ्यान्‌पिढ्या तर चालवण्याचे काम होते. बांबूच्या कामट्यांची, खालून पूर्वी कातडे आणि आता ताडपत्री लावलेली गोल हरगोल. उसाच्या पट्ट्यात गुऱ्हाळावरची काहील. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बांधलेला थर्माकोलचा तराफा. पुरात गावाला तोडणारा ओढा पार करायला अजूनही हीच साधने पुढे येतात. एक आणखी गोष्ट होती, तिच्याकडे कुणी व्यवस्था म्हणून पाहिले नाही. बिदरच्या लाल मातीत खोदलेल्या रुंद पायऱ्यांच्या विहिरींत उन्हाळ्याच्या सुट्टीत काका-मामा पोरांच्या पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून त्यांना पाण्यात ढकलत. वरून दोर धरलेला असे. चार-सहा दिवसांनी डबा सुटे. कोणतीही संस्था, निधी, प्रमाणपत्र नसताना चाललेले हे कोरड्या दिवसांचे शिक्षणच होते. पुढे बोअरवेल आल्या, विहिरी आटल्या किंवा कचऱ्याने भरल्या, आणि माझ्या मते एक अख्खी पिढी पोहणे न शिकता मोठी झाली. तीच पिढी आता फरशीच्या खाणीत उतरते, शेततळ्याच्या प्लास्टिकवरून घसरते. मुलींच्या वाट्याला तर ती विहीरही क्वचितच आली होती. धुणे धुताना पाय घसरला तर काय करायचे, हे त्यांना कुणी शिकवले नाही.

इथे नागरिकांची अशी दले बांधावीत म्हटले, की पहिला आक्षेप असा येतो: हे सरकारचे काम आहे आणि सरकारकडे आता दले आहेत. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले, त्याची एक बटालियन पुण्याजवळ आहे, एक आंध्रात. त्यांचे काम उत्तम आहे, यात वाद नाही. पण अंतराचा हिशेब करावा. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, भीमेवरच्या उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे जाणारी छोटी होडी वावटळीत उलटली. सातांपैकी एक जण पोहून काठाला लागला, बाकीचे सहा गेले. आपत्ती दल आले ते मृतदेह शोधायला. पुण्यापासून फार दूर नसलेल्या ठिकाणी हे झाले; अफझलपूरच्या एखाद्या खेड्यात किंवा औरादच्या ओढ्यावर काय होईल, ते वेगळे सांगायला नको. पाण्यात माणसाकडे काही मिनिटेच असतात. ती मिनिटे काठावरच्याच माणसाची असतात, मग त्याला शिकवलेले असो वा नसो. सरकारी दल मोठ्या पुरासाठी हवेच. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेने कलबुर्गी जिल्ह्यातली गावेच्या गावे वेढली तेव्हा बाहेरची मदत लागलीच. पण पूर वर्षातून एकदा येतो, आणि बुडणे रोज चालू असते. आणि कुगावची होडी उलटली तेव्हा पूर नव्हता, हेही लक्षात ठेवावे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हौशी माणूस वाचवायला जातो आणि स्वतःच बळी ठरतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला कृष्णेच्या महापुरातून लोकांना बाहेर काढणारी गावचीच होडी उलटली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. हेतू चांगला, माणसे आपलीच, होडीत क्षमतेहून अधिक भार. विहिरीत एक उतरतो, त्याच्यामागे भाऊ, त्याच्यामागे बाप, आणि संध्याकाळी तिघांची तिरडी निघते, अशी बातमी मराठवाडा-कर्नाटकच्या वृत्तपत्रांत कुठल्या ना कुठल्या उन्हाळ्यात येतेच. या आक्षेपाला उत्तर म्हणून स्वयंसेवकांना दूर ठेवा असे म्हणणे निरर्थक आहे, कारण ते दूर राहणार नाहीत. बाप थांबणार नाही. उरतो तो एकच मार्ग: उडी मारण्याआधी करायच्या गोष्टी त्याच्या अंगवळणी पाडणे. दोर फेकणे, बांबू पुढे करणे, रिकामा कॅन किंवा ट्यूब टाकणे, होडीत किती माणसे बसतात ते रंगाने बाजूवर लिहून ठेवणे आणि तेवढी बसली की बाकीच्यांना शिव्या खाऊनही काठावर ठेवणे. हे शेवटचे काम गावात सगळ्यात अवघड, कारण नाही म्हणणाऱ्याला अधिकार लागतो आणि तो अधिकार पुराच्या दिवशी मिळत नाही, आधी मिळवावा लागतो. ब्रिटनच्या पेन्ली केंद्राची नौका १९८१ च्या डिसेंबरात आठही स्वयंसेवकांसह बुडाली, म्हणजे शिस्त धोका संपवते असेही नाही. ती धोक्याला हिशेबात आणते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत बोचतो, आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. नदीकाठी पाण्यात उतरणारी माणसे बहुतेक गरीब, बहुतेक ठरावीक जातींची. पूर्वी पाटलाचा हुकूम आला की कोळ्याने होडी काढायची, प्रेत शोधायचे, आणि सुगीला चार पायल्या धान्य मिळाले तर मिळाले. आता तहसीलदाराचा फोन येतो. त्याला सेवा म्हणायचे, स्वयंसेवा म्हणायचे, म्हणजे जुनी वेठ नव्या नावाने चालू ठेवायची नाही का? केरळमध्ये ऑगस्ट २०१८ च्या महापुरात साडेचार हजारांच्या आसपास मच्छीमार आपल्या सहाशेहून अधिक होड्या ट्रकवर घालून पाण्यात अडकलेल्या शहरांत गेले. सरकारने प्रत्येक होडीमागे दिवसाला तीन हजार रुपये आणि नुकसानभरपाई जाहीर केली. काहींनी ते पैसे नम्रपणे नाकारले, आणि वर्तमानपत्रांनी त्या नकाराचेच जास्त कौतुक केले. मला ते कौतुक पटत नाही. ज्याची होडी हीच पोटाची सोय आहे त्याने पैसे घेतले तर त्याची सेवा कमी होत नाही. ब्रिटिश संस्थेने दीडशे वर्षांपूर्वीच मच्छीमार नावाड्याला फेरीचा मेहनताना लावला होता. तो घेणाऱ्याला तिथे कुणी भाडोत्री म्हटले नाही. आपल्याकडे राज्याचा कल मात्र पदकाकडे आहे. १९६१ पासून जीवनरक्षा पदके आहेत, आणि ती मरणोत्तरही मिळतात. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने पोलिसी-कोर्टकचेरीच्या त्रासापासून संरक्षण दिले, पण ते संरक्षण रस्त्यापुरते. नदीतून बाहेर काढलेला माणूस काठावर मेला तर काढणाऱ्याने साक्षीच्या खेपा घालायच्या.

त्यातल्या त्यात आशेची जागा म्हणजे आपदा मित्र योजना. २०१६ मध्ये पंचवीस राज्यांतल्या तीस पूरप्रवण जिल्ह्यांत ती प्रयोग म्हणून सुरू झाली, मग साडेतीनशे जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांचे उद्दिष्ट ठरले. बारा दिवसांचे प्रशिक्षण, एक साहित्यसंच, आणि ठरावीक मुदतीचा विमा. कागदावर हा आराखडा ब्रिटन-अमेरिकेच्या अनुभवाच्या जवळ जातो. माझी शंका मुदतीबद्दल आहे. प्रशिक्षण एकदाच झाले, जाकीट पंचायतीच्या कपाटात पडले, कपाटाची किल्ली बदली झालेल्या ग्रामविकास अधिकाऱ्याकडे राहिली आणि विमा संपला, की १८५० च्या आधी ब्रिटिश शेडमध्ये कुजणाऱ्या नौकांची आणि आपली गोष्ट एकच होते. सराव दर तिमाहीला हवा. तो शाळेच्या सुट्टीत, गाणगापूरच्या पौर्णिमेच्या आधी, गणपती विसर्जनाच्या आधी ठेवता येतो. भीमा-अमरजा संगमावर महाराष्ट्रातून येणाऱ्या दत्तभक्तांची स्नानाला गर्दी होते. तिथल्या होड्यांची वर्षातून एकदा बिनदंडाची तपासणी करून बाजूवर पट्टी लावायला कुठला नवा कायदा लागत नाही. २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्याने बिनइंजिनाच्या होड्यांचाही विचार केला आहे. अंमलबजावणी कशी होते ते नदीवर दिसेल.

हे परदेशी नमुने श्रीमंतांचे, बोट बाळगणाऱ्यांचे आहेत, असे म्हणणाऱ्याला थोडक्यात एवढेच सांगता येईल की अमेरिकेपुरते ते खरे आहे, व्हिटबीपुरते नाही. तिथले नावाडी आपल्या भोयांइतकेच गरीब होते.

आणखी एक अडचण खास या सीमाभागाची आहे. भीमा सोलापूर आणि विजयपूर या जिल्ह्यांची सीमा आखत खाली कलबुर्गीत येते. तिचे पाणी उजनीवरून सुटते. मांजरेचे पाणी बीड जिल्ह्यातल्या धनेगावच्या धरणातून, तेरणेचे माकणीवरून. केंद्रीय जल आयोगाची मापनकेंद्रे भीमेवर टाकळी, देवणगाव आणि यादगीरला आहेत, मांजरेवर सायगावला. म्हणजे पाणी येते आहे हे आधी कळते. खाली तेलंगणातही कळते. पण निरोप बंगळुरूहून कन्नडमध्ये निघतो, औराद-भालकीच्या मराठी वाड्या-तांड्यांवर तो दवंडीने किंवा मोबाइलवर पोचतो, आणि नदीच्या खोऱ्यातल्या विटभट्टीवर, ऊसतोडीच्या टोळीत हिंदी, दखनी, लमाणी बोलणारी माणसे झोपलेली असतात. या भागातला साधा तरुण तीन भाषा सहज बोलतो. जे काम समुद्रावर भोंगा आणि निशाण करते ते इथे त्याने करायचे आहे, आणि होडी नसलेल्या स्वयंसेवकालाही ते करता येते. पलीकडच्या काठावरची होडी मात्र अजून कुणाच्या हिशेबात नाही. अक्कलकोट तालुक्यातला कोळी पुराच्या रात्री अफझलपूरच्या हद्दीत शिरून चार माणसे काढतो, तेव्हा त्याचे नाव कोणत्या जिल्ह्याच्या नोंदवहीत असते, त्याच्या होडीचा तळ फाटला तर ताडपत्रीचे पैसे सोलापूरने द्यायचे की कलबुर्गीने, याचे उत्तर दोन्ही जिल्ह्यांच्या कलेक्टर कचेऱ्यांनी जूनच्या आधी एका कागदावर लिहून ठेवायला हवे.